नोंद वाचून ग्लास ओळखता येतो का? : ग्लासगोतील एका चवप्रकल्पाच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

महिन्यातून एका शनिवारी जमून व्हिस्की चाखण्याचा आमचा पाच जणांचा परिपाठ ग्लासगोत गेली तीन वर्षे चालू आहे, आणि प्रत्येक बाटलीची नोंद एका जाड वहीत करण्याचे काम माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात ती वही पहिल्या पानापासून वाचून काढली, तेव्हा लक्षात आले की बाटलीचे नाव बोटाने झाकले तर खालचा मजकूर कोणत्या बाटलीचा आहे हे मला स्वतःलाही सांगता येत नाही. ‘मध, व्हॅनिला, मागाहून ओकचा तुरटपणा, सुखद शेवट’ ही ओळ किरकोळ फेरफार करून एकोणीस वेळा आली आहे, आणि त्या एकोणीस बाटल्यांत क्लाइडबँकची ऑकेंटॉशनही आहे आणि थेट ऑर्कनी बेटांवरची हायलँड पार्कही. नोकरीत मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतो. अशा भाषेतला दोष-अहवाल कुणी माझ्याकडे धाडला असता, तर मी तो त्याच दिवशी परत पाठवला असता.

म्हणून आज प्रस्ताव मांडला. एकाने चार ग्लास चाखून चार नोंदी मराठीत लिहायच्या. मग तेच चार ग्लास अक्षरे बदलून बाकीच्या चौघांपुढे ठेवायचे आणि त्यांनी कोणती नोंद कोणत्या ग्लासाची हे जुळवायचे. नोंद चांगली की वाईट, हे वाचणाऱ्याच्या जुळणीवरून ठरेल. लिहिणाऱ्याची भाषा किती रसाळ आहे याला गुण नाहीत.

आमच्यातला सर्वांत धाकटा, मूळचा इंदूरचा आणि इथे रसायनशास्त्रात पीएचडी करणारा मुलगा (त्याला सगळे रसायनवालाच म्हणतात), याने लगेच विचारले की नुसत्या नशिबाने किती जुळतील. उत्तर गमतीचे आहे: चार नोंदी चार ग्लासांवर डोळे मिटून ठेवल्या तर सरासरी एक बरोबर येते, आणि चारांऐवजी चाळीस असत्या तरी सरासरी एकच. शिवाय चारपैकी तीन बरोबर असे कधीच होऊ शकत नाही, कारण तीन जागेवर बसल्या की चौथीला दुसरी जागाच उरत नाही. गटातल्या काकांना हे पटेना, तेव्हा पत्ते मागवून पंचवीस वेळा मांडून दाखवावे लागले. चार वाचक धरले तर सोळांपैकी चार गुण फुकटचे, हे सर्वांनी मान्य केले.

डॉक्टरांनी मापाचे नियम घालून दिले. एका ग्लासात पंधरा मिलिलिटर, एका बैठकीत चारच ग्लास, थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले आणि ते वापरण्यात लाज नाही. चारही ग्लास ४६ टक्क्यांचे असले आणि सगळे पोटात गेले, तरी ते पावणेतीन युनिटांच्या आसपास होते (एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध मद्यार्क). इथल्या आरोग्यखात्याची मर्यादा आठवड्याला चौदा युनिटांची आहे. गाडी कुणीही आणायची नाही. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून वाहनचालकाच्या रक्तातील मद्याची मर्यादा शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम आहे, इंग्लंडच्या ऐंशीपेक्षा बरीच कमी, आणि त्या हिशेबाच्या काठावर खेळण्याची कुणालाच हौस नाही.

१९ ऑक्टोबर २०२४

पहिला संच: ग्लेनफिडिख, ग्लेनलिव्हेट, ऑकेंटॉशन आणि डीन्स्टन, चारही बारा वर्षांच्या, चारही धुराविना. लॅफ्रॉइगसारखी एखादी धुरकट बाटली मुद्दाम घेतली नाही, कारण ती सर्वांनाच ओळखू येते आणि उरलेल्या तिघींत नशिबाचा एक गुण मिळून प्रत्येकाच्या पदरात आपोआप दोन पडतात.

पहिल्या तिघी ४० टक्क्यांच्या आहेत आणि डीन्स्टन ४६.३ टक्क्यांची. तिखटपणावरून ओळख पटू नये म्हणून सर्व ४० वर आणायचे ठरले. पंधरा मिलिलिटर डीन्स्टनमध्ये पिपेटने २.४ मिलिलिटर पाणी घातले. इथे फसगत झाली. डीन्स्टन थंड करून गाळलेली नसते, त्यामुळे तिच्यातली लांब साखळीची मेदाम्ल-एस्टर द्रव्ये शिल्लक असतात आणि मद्याचे प्रमाण ४६ टक्क्यांच्या खाली गेले की ती विरघळलेली राहत नाहीत. ग्लासात हलकासा ढग आला. रसायनवाल्याने तो पाहिला, गालातल्या गालात हसला आणि गप्प राहिला, हे मला नंतर कळले.

नोंदी मी लिहिल्या होत्या आणि नेहमीच्याच थाटात: हीदर, बटरस्कॉच, ताजे सफरचंद, टोस्ट केलेला ओक. निकाल सोळांपैकी पाच, आणि त्यातलाही एक गुण ढगाचा. म्हणजे माझ्या नोंदींची आणि डोळे मिटून मांडलेल्या पत्त्यांची लायकी एकच.

नंतरची चर्चा निकालापेक्षा उपयोगाची झाली. काका पस्तीस वर्षांहून अधिक काळ स्कॉटलंडमध्ये आहेत आणि ऑगस्टमधल्या जांभळ्या डोंगरांवर असंख्य वेळा फिरले आहेत, पण हीदरच्या फुलाला वास कसा येतो हे त्यांनाही सांगता आले नाही. मग तो शब्द माझ्या वहीत कुठून आला? बाटलीच्या मागच्या लेबलवरून. मी चव लिहीत नव्हतो, लेबलाची नक्कल उतरवत होतो.

२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

डॉक्टरांच्या घरी फराळ होता, म्हणून चाखणे आधी आणि चकली नंतर असा क्रम कडकपणे पाळला. बाटल्या त्याच चार, ग्लासांना आता काळा कागद गुंडाळलेला. कागदाचा दुसरा फायदा असा की रंग दिसत नाही. स्कॉच व्हिस्कीत पाण्याखेरीज फक्त साधा कॅरॅमल रंग घालण्याची कायद्याने मुभा आहे. त्यामुळे गडद रंग म्हणजे जुनी व्हिस्की हा समज डोळ्यांतून जिभेवर उतरतो आणि माणूस नसलेल्या मनुका चाखू लागतो.

लिहिण्याची पाळी वहिनींची, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नीची होती. त्यांचे माहेर मालवणचे आणि नाक आमच्या सर्वांत तल्लख. त्यांनी मला आधीच बजावले, “मी लेबल वाचलेले नाही आणि वाचणारही नाही.” त्यांच्या चार नोंदी जशाच्या तशा उतरवतो.

‘अ: शिकरण. केळे नुकते पिकलेले, दूध थंड. वेलची नाही.’

‘ब: अननसाचा शिरा, पण करणाऱ्याने तुपाला हात आखडता घेतलेला.’

‘क: भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट. ग्लास नाकाशी नेताना संत्र्याच्या सालीची चिळकांडी.’

‘ड: उन्हात वाळत घातलेले मेणकापड, त्यावर मधाचे बोट. गिळल्यावर राजगिऱ्याची वडी.’

अनुक्रमे ग्लेनफिडिख, ग्लेनलिव्हेट, ऑकेंटॉशन आणि डीन्स्टन. निकाल सोळांपैकी नऊ: डॉक्टर चार, काका दोन, मी दोन, रसायनवाला एक. टाळ्या झाल्या, पण डॉक्टरांच्या चार गुणांविषयी मी शंका नोंदवून ठेवतो. बावीस वर्षांच्या संसारात बायकोने कशाला काय म्हटले हे ओळखण्याचा त्यांचा सराव दांडगा आहे. ते गुण वगळले तर उरतात बारांपैकी पाच, आणि नशिबाने तीन येतातच.

रसायनवाल्याचा एकच गुण का, हे विचारल्यावर तो म्हणाला, “वहिनी, मेणकापड म्हणजे काय?” तो १९९८ चा. तान्ह्या बाळाखाली अंथरायचे ते गुळगुळीत, तेलकट वासाचे कापड त्याने पाहिलेलेच नाही. म्हणजे माझ्या हीदरची जी गत, तीच त्याच्यापुढे वहिनींच्या मेणकापडाची. शब्द मराठी आहे एवढ्याने भागत नाही, आणि हे मी प्रकल्पाच्या आरंभी गृहीत धरले होते.

१६ नोव्हेंबर २०२४

आज चाखणे नाही. वासाच्या बरण्या भरण्यात दिवस गेला.

कल्पना नवी नाही. एडिंबरामधल्या पेंटलंड्स संशोधन संस्थेतल्या चौघांनी १९७९ मध्ये स्कॉचच्या वासांचे चक्र तयार केले ते याच अडचणीतून: डिस्टिलरीत काम करणाऱ्या दोघांनी एकच शब्द वापरला तर दोघांच्या मनात एकच वास असावा. शब्दापुढे नमुना ठेवला की वाद मिटतो. आम्ही काचेच्या तेवीस छोट्या बरण्या घेतल्या आणि झाकणावर क्रमांक टाकून त्यांत भरले ते असे: जायफळ, बडीशेप, ज्येष्ठमध, सुके खोबरे, ओल्या नारळाचा चव, तूप कढवल्यावर खाली उरणारी बेरी, काकवी, चिंचेचा कोळ, काळ्या मनुका, संत्र्याची साल, ऊद, टिंक्चर आयोडीन, विझवलेल्या काड्या, बारदानाचा तुकडा, आणि बरेच काही. काकांनी माळ्यावरच्या ट्रंकेतून मेणकापडाचा वीतभर तुकडा शोधून काढला, तेव्हा वहिनींच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो त्यांच्या नऊ गुणांच्या वेळीही नव्हता. सुक्या बोंबलाची बरणी मात्र अर्ध्या तासात बाल्कनीत गेली आणि तिथेच राहील.

रसायनवाल्याने प्रत्येक बरणीमागचे कारण सांगितले. त्यातले महत्त्वाचे लिहून ठेवतो. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेट या एस्टरचा आहे. तो आंबवणीत यीस्टमुळे तयार होतो, त्यामुळे पिंपात जाण्याआधीच्या ताज्या मद्यातही असतो. नारळाचा वास ओकमधल्या लॅक्टोन या द्रव्याचा असून अमेरिकी ओकमध्ये तो भरपूर असतो. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीसाठी एकदा वापरलेली सुमारे दोनशे लिटरची पिंपे स्कॉचसाठी येतात, त्यांतून तो उतरतो. व्हॅनिला लाकडातल्या लिग्निन या घटकातून. धूर पीटमधून (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जळण), त्याचा विचार पुढे करायचा आहे. एवढे कळल्यावर नोंदीत नारळ लिहिताना आपण पिंपाविषयी बोलतो आणि शिकरण लिहिताना आंबवणीविषयी, हे भान येते.

मेणाची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. स्कॉटलंडच्या हायलँड प्रदेशाच्या उत्तर भागातली क्लाइनलिश डिस्टिलरी मेणचट पोतासाठी प्रसिद्ध आहे. तिथे ऊर्ध्वपातनाचा पहिला आणि शेवटचा भाग साठवण्याच्या टाकीत एक चिकट थर वर्षानुवर्षे साचत होता. सफाईत तो खरवडून काढला तेव्हा व्हिस्कीतले मेण नाहीसे झाले आणि थर पुन्हा साचू दिल्यावरच परतले. बिडाच्या तव्याला साबण लावू न देणारी आजी ज्याच्या घरात होती, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

१४ डिसेंबर २०२४

बैठक रद्दबातल. शेरी या स्पॅनिश मद्याच्या पिंपातल्या चार व्हिस्की मांडल्या होत्या आणि लिहिणार होते डॉक्टर, पण माझ्याच स्वयंपाकघरात दुपारी बटाटेवडे तळले गेले होते. हिंगाची फोडणी आणि तेलाचा वास चार तासांनंतरही पडद्यांत होता. चारही नोंदींत मोहरी आली. त्यातच ग्लास नव्या सुवासिक साबणाने धुतलेले निघाले. नियम वाढवला: ग्लास फक्त गरम पाण्याने धुवावेत आणि चाखण्याच्या दिवशी त्या घरात फोडणी नाही.

२५ जानेवारी २०२५, बर्न्स नाइट

योगायोगाने शनिवार आला, पण चाचणी ठेवली नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रकवीच्या जन्मदिवशी ग्लासला काळा कागद गुंडाळून बसणे काकांना मंजूर नव्हते. हॅगिस (मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ), सलगम, बटाटे आणि एकेक ग्लास, एवढाच कार्यक्रम. रॉबर्ट बर्न्स उत्तरायुष्यात अबकारी खात्यात नोकरीला होता, ही गोष्ट काका दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी त्यांना ती तितकीच हसवते.

१५ फेब्रुवारी २०२५

गोव्याच्या बाटलीचा दिवस. वहिनी सुट्टीवरून येताना पॉल जॉन ब्रिलियन्स घेऊन आल्या. पॉल जॉन ही दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, मोड आणून वाळवलेल्या जवापासून म्हणजे माल्टपासून केलेली व्हिस्की), २०१२ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली ती लंडनमध्ये. बंगळूरच्या अमृतचा रस्ताही असाच होता, आणि त्याचा आमच्या गावाशी थेट संबंध आहे: अमृत सिंगल माल्टचे अनावरण २४ ऑगस्ट २००४ रोजी ग्लासगोतल्याच कॅफे इंडिया या रेस्टॉरंटमध्ये झाले. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतांश व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेले मद्यार्क असते आणि युरोपात तिला व्हिस्की म्हणता येत नाही. निव्वळ जवापासून केलेली माल्ट आधी इथे सिद्ध करून मग घरी न्यावी, असा तो उलटा प्रवास.

आजची चाचणी वेगळी, त्रिकोणी. तीन ग्लास, दोन सारखे आणि एक निराळा. निराळा कोणता ते सांगायचे. नशिबाने तीनात एक बरोबर येते. चार जणांनी तीनदा, म्हणजे बारा खेपा. त्यात किमान आठ बरोबर आल्या तरच फरक खरा मानायचा असे आधी ठरवले. ब्रिलियन्ससमोर डीन्स्टन ठेवली, कारण दोन्ही बर्बनच्या पिंपातल्या, दोन्ही बिनधुराच्या, दोन्ही थंड न गाळलेल्या. दोन्ही पाण्याने ४० टक्क्यांवर आणल्या. ओतणारा मी.

बारांपैकी दहा बरोबर.

दोन वेगवेगळ्या बाटल्या वेगळ्या लागल्या यात नवल नाही. नवल आहे ते वेगळेपण सांगताना चौघांनी स्वतंत्रपणे उचललेल्या बरणीचे. तीन जणांनी काकवीची बरणी उचलली आणि चौथ्याने जायफळाची. कारण शोधायचे तर हवेत शोधावे लागते. स्कॉटलंडच्या थंड, ओलसर गोदामात पिंपातली सुमारे दोन टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते, गोव्यात त्याच्या कित्येक पट. लाकूड आणि मद्य यांची देवाणघेवाण उष्णतेत झपाट्याने होते, म्हणून तिथली व्हिस्की बारा वर्षे पिंपात ठेवणे म्हणजे पिंप रिकामे करणे. लेबलवर वयाचा आकडा नाही म्हणून नाक मुरडणारे इथे पुष्कळ भेटतात. स्कॉचच्या कायद्यात किमान तीन वर्षांची अट आहे, पण ती तीन वर्षे स्कॉटलंडच्या हवेतली आहेत. कुंकळ्ळीतली तीन वर्षे आणि इथली तीन वर्षे एका मापाने मोजणे म्हणजे रत्नागिरीच्या आणि महाबळेश्वरच्या पावसाळ्यात लोणचे एकाच वेगाने मुरेल असे धरून चालणे.

१५ मार्च २०२५

परवाच होळी झाली, आणि आज धुराचा संच. लॅफ्रॉइग १०, आर्डबेग १०, लागावुलिन १६ आणि काउल ईला १२, चारही आयला बेटाच्या. धुरामुळे कुणी वेगळी पडत नाही, कारण चौघीही धुरात बुडालेल्या आहेत. लॅफ्रॉइग इथे मुळातच ४० टक्क्यांची मिळते. आर्डबेगमध्ये सव्वादोन मिलिलिटर पाणी, उरलेल्या दोघींत प्रत्येकी १.१. पाण्याच्या बाबतीत रसायनवाल्याने स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासाची आठवण दिली: धुराच्या वासाचे ग्वायाकॉल हे द्रव्य ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ जमते आणि ५९ टक्क्यांच्या वर द्रवाच्या आत ढकलले जाते, असे संगणकावरच्या प्रतिरूपातून दिसले होते. पाणी घातल्यावर धूर नाकाशी येतो या जुन्या अनुभवाला त्यातून आधार मिळतो. आमच्या ४० आणि ४६ मधल्या फरकाला तो कितपत लागू पडेल, याचा फुगवटा मात्र मी करणार नाही.

लिहायची पाळी काकांची. काका वाईजवळच्या खेड्यातले; त्यांचे बालपण चुलीच्या, बंबाच्या आणि गुऱ्हाळाच्या धुरात गेले. त्यांनी लिहायला पाऊण तास घेतला, मधे दोनदा खिडकीत जाऊन उभे राहिले.

‘च: सरकारी दवाखान्याची पायरी. टिंक्चर, ओली पट्टी, आणि कंपाउंडच्या मागे कुणीतरी पालापाचोळा पेटवलेला.’

‘छ: होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख, पाणी मारलेली. त्यावर लिंबू पिळलेले. जवळच रस्त्याचे डांबर तापते आहे.’

‘ज: गुऱ्हाळ. चुलवणाचा धूर आणि काहिलीतली काकवी एकाच श्वासात. शेवटी कोरा चहा, कपात फार वेळ राहिलेला.’

‘झ: बंबातले पाणी. धूर पाण्यात उतरलेला. अंगावर घेताना कळत नाही, तोंड धुताना कळतो.’

ही शेवटची नोंद वाचून आम्ही काही क्षण कुणीच बोललो नाही. काउल ईलाविषयी मी तीन वर्षांत पाच वेळा लिहिले आहे आणि प्रत्येक वेळी ‘स्वच्छ, हलका धूर’ एवढेच. काकांनी त्या हलकेपणाला जागा दिली: धूर आहे, पण तो मध्ये पाणी घेऊन येतो.

निकाल अकरा. वहिनी आणि डॉक्टर प्रत्येकी चार, मी दोन (च आणि छ यांची अदलाबदल केली), रसायनवाला एक. इंदूरच्या फ्लॅटमध्ये गीझर होता, बंब नव्हता; गुऱ्हाळ त्याने सहलीत एकदा पाहिले. मात्र काउल ईला आणि लागावुलिन यांच्यातला फरक समजावून सांगितला तो त्यानेच. दोन्ही डिस्टिलरी एकाच मालकीच्या आणि दोघींना पीटच्या धुरावर वाळवलेला माल्ट येतो तो पोर्ट एलनच्या एकाच माल्टशाळेतून, धुराचा वास देणाऱ्या फिनॉल द्रव्यांचे प्रमाणही जवळजवळ तेच, दशलक्ष भागांत पस्तीसच्या आसपास. मग एकीत गुऱ्हाळ आणि दुसरीत बंब का? कारण तो आकडा माल्टचा आहे, ग्लासातला नाही. काउल ईलाची तांब्याची पात्रे उंच आणि ऐसपैस, वाफेला तांब्याशी भरपूर वेळ मिळतो आणि जड द्रव्ये मागे गळतात. लागावुलिनची पात्रे पेअरच्या फळासारखी बुटकी, पोटाळ, आणि तिथे ऊर्ध्वपातन मुद्दाम सावकाश चालते. आकड्यावरून धूर विकत घेणाऱ्या मंडळींना हे सांगितले तर ते ऐकून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा आकडाच विचारतात.

३ आणि ४ मे २०२५, आयला

मुख्य भूमीवरच्या केनाक्रेगहून फेरीने आयलाच्या पोर्ट एलनला उतरलो. पोर्ट एलनपासून लॅफ्रॉइग, लागावुलिन आणि आर्डबेग या तिघींना जोडणारी पायवाट साधारण पाच किलोमीटरची आहे, त्यामुळे गाडी धक्क्याजवळच ठेवली आणि पायीच निघालो.

इथे आल्यावर बरण्यांतल्या एका चुकीची दुरुस्ती झाली. लॅफ्रॉइगमध्ये अजूनही काही माल्ट स्वतःच्या जमिनीवर पसरून, फावड्याने उलटून तयार करतात आणि भट्टीत पीट जाळून वाळवतात. भट्टीजवळ पडलेली पीटची वाळकी वीट वहिनींनी उचलून हुंगली आणि माझ्याकडे दिली. वजनाला गोवरीइतकी हलकी, तुटलेल्या कडेला गवताच्या मुळ्यांचे धागे, आणि वास जवळजवळ नाहीच. पहिल्या पावसानंतर दुसऱ्या दिवशीच्या मातीला येतो तेवढाच. टिंक्चर नाही, दवाखाना नाही. तो सगळा कारभार जळताना होतो. आयलाच्या पीटमध्ये झाडांचे लाकूड फारसे नसते, शेवाळ आणि गवताचे थर असतात. ते जळताना जी फिनॉल आणि क्रेसॉल द्रव्ये सुटतात, त्यांना आपले नाक दवाखाना म्हणते. बरणी क्रमांक बारावर मी ‘पीट’ असे लिहून टिंक्चर भरले होते. लेबल खोडले. आता तिथे ‘पीटचा धूर’ लिहिले आहे.

आर्डबेगच्या खडकांवर ओहोटी होती. वहिनी शेवाळावरून घसरता घसरता वाचल्या आणि म्हणाल्या, “अगदी मालवणची जेटी, फक्त मासळी कमी.” ड्रायव्हर म्हणून मी ज्या डिस्टिलऱ्यांत चाखले नाही, त्यांनी माझा वाटा छोट्या बाटलीत भरून दिला. इथे ही रीतच आहे.

१७ मे २०२५

या फेरीची शेवटची बैठक, आणि लिहिण्याची पाळी रसायनवाल्याची. दोन वेळा एकेकच गुण मिळवलेल्याने काय लिहावे, याची मला उत्सुकता होती. संच त्यानेच निवडला: स्प्रिंगबँक १०, क्लाइनलिश १४, टॅलिस्कर १०, क्रेगेलेकी १३. चारही ४६ टक्क्यांच्या किंवा त्याला चिकटून, म्हणून प्रत्येकीत सुमारे सव्वादोन मिलिलिटर पाणी.

‘त: काडी पेटवून लगेच विझवली. मग अननस.’

‘थ: केकवरच्या मेणबत्त्या फुंकल्यानंतरचा क्षण, खोलीत अजून दिवे लागलेले नाहीत.’

‘द: पावसात गाडीवर भाजलेले कणीस, मीठ आणि मिरी जास्त.’

‘ध: सबवेचा जिना उतरताना समोरून येणारा वारा.’

शेवटच्या ओळीवर काका मोठ्याने हसले आणि त्यांनी थेट स्प्रिंगबँकचा ग्लास उचलला. ग्लासगोच्या भुयारी रेल्वेला एक वास आहे: ओलसर माती, जुने वंगण, गरम धातू, आणि थोडेसे काहीतरी गोड. १८९६ पासून चालू असलेल्या त्या वर्तुळाकार मार्गाने आम्ही पाचही जण रोज जातो. काका पस्तीस वर्षे आणि रसायनवाला तीन वर्षे, पण वास एकच. कॅम्बेलटाउनच्या स्प्रिंगबँकविषयी ‘मातकट, तेलकट, कारखानी’ असे सर्वत्र लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. डिस्टिलरी आपला सगळा माल्ट स्वतः जमिनीवर पसरून करते आणि मद्याचे अडीच वेळा ऊर्ध्वपातन करते, हेही मी वहीत लिहिले होते. जिना मात्र सुचला नव्हता.

निकाल चौदा: वहिनी, काका आणि मी प्रत्येकी चार, डॉक्टर दोन. डॉक्टरांनी काडी आणि मेणबत्ती यांत गफलत केली आणि दोन्हींत विझणे आहे असा बचाव मांडला, जो मला रास्त वाटतो. क्रेगेलेकीची वाफ अजूनही पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्या नळ्यांतून थंड होते, तांब्याशी संबंध कमी येतो आणि गंधक शिल्लक राहते. विझलेली काडी तिथून येते. टॅलिस्करमधल्या धुरामुळे ती सर्वांना सोपी गेली, आणि ऑक्टोबरातल्या माझ्याच नियमानुसार चौदापैकी काही गुण फुकटचे आहेत. तरी मार्चमधल्या अकरांपेक्षा मला हे चौदा अधिक भरवशाचे वाटतात, कारण कोणतीही नोंद कुणाला समजावून सांगावी लागली नाही.

जुन्या वहीतल्या त्या एकोणीस ओळींवर मी आज पेन्सिलीने रेघ मारली. बाटल्या पुन्हा मिळतील तशा नव्याने चाखायच्या. सुरुवात हायलँड पार्कपासून, १४ जूनला काकांकडे. डॉक्टरांची डिसेंबरची राहिलेली पाळीही तेव्हाच. बरण्यांत चोविसावी वाढवली आहे. झाकणावर ‘सबवे’ लिहिले आहे आणि आत काय भरायचे ते कुणालाच न सुचल्यामुळे ती सध्या रिकामी आहे. कुणी विचारले तर त्याला केल्व्हिनब्रिज स्टेशनच्या जिन्यावर घेऊन जायचे असे ठरले.